तणनाशक, लिम्फोमा आणि अमेरिकेतला दावा

प्रश्न : माझे मामा कॅलिफोर्नियात बागांच्या देखभालीचं काम करतात. वर्षानुवर्षं राउंडअप हे तणनाशक फवारलं. आता नॉन-हॉजकिन लिम्फोमा (लसीका संस्थेचा कर्करोग) निघालाय. दावा करता येईल का? कागद कोणते लागतील?

उत्तर : येईल, पण आधी मुदत पाहा. तिथे विषारी पदार्थामुळे झालेल्या आजारासाठी साधारण दोन वर्षं मिळतात. आजार आणि त्याचं संभाव्य कारण लक्षात आल्यापासून ती मोजतात. सामूहिक तडजोडीची (अनेक रुग्णांचे दावे एकत्र मिटवण्याची) नोटीस आली असेल, तर तिच्यातून बाहेर पडून स्वतंत्र दावा करण्याची शेवटची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा.

मग बायोप्सीचा मूळ अहवाल काढा. नुसतं ‘कॅन्सर’ लिहिलेलं चालत नाही, लिम्फोमाचा उपप्रकार हवा. त्यानंतर खरी मेहनत फवारणीच्या हिशेबाची. कोणतं उत्पादन, कोणत्या साली, वर्षातून किती वेळा, एका वेळी किती तास, पाठीवरचा पंप की टाकी, हातमोजे होते का, अंगावर सांडलं होतं का. पावत्या नसतील तर कामाची बिलं, दुकानाच्या खात्यावरची खरेदी, सहकाऱ्यांची साक्ष. ड्वेन जॉन्सन हे शाळांच्या मैदानांची देखभाल करणारे. ते वर्षाला वीस-तीस वेळा फवारत आणि दोनदा तणनाशकाने भिजले होते, असे तपशील त्यांच्या खटल्यात मांडले गेले. ज्युरीने ऑगस्ट २०१८ मध्ये २८.९ कोटी डॉलर दिले, पण अपिलात उरले सुमारे २.०५ कोटी. बातमीतला आकडा आणि हातात पडणारा आकडा यांत असं अंतर असतं. त्यातूनही वकिलाचे तेहतीस ते चाळीस टक्के आणि खर्च वजा होतात. उपचारांचे पैसे मेडिकेअरने (ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने) दिले असतील, तर तेही आपला वाटा मागतात.

दाव्याचा गाभा ‘कंपनीने धोक्याचा इशारा दिला नाही’ हा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये राउंडअपमधल्या ग्लायफोसेट या घटकाला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं. लाल मांसही त्याच गटात आहे, हे कंपनीचा वकील हमखास सांगतो. चोपन्न हजार फवारणी करणाऱ्यांच्या २०१८ च्या अमेरिकी अभ्यासात लिम्फोमाशी एकूण संबंध दिसला नाही. उलट २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणात सर्वाधिक संपर्क असलेल्यांत धोका ४१ टक्के जास्त आढळला. त्यामुळे मामांच्या बाजूने साक्ष देणाऱ्या वैद्यकीय तज्ज्ञाला आजाराची दुसरी कारणं एकेक करून वगळावी लागतात : हेपटायटिस सी, अवयव प्रत्यारोपण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. यातलं काही इतिहासात असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. लपवलेली फाइल विरुद्ध बाजू काढतेच.

शिवाय अमेरिकेच्या केंद्र सरकारने मंजूर केलेल्या लेबलमुळे राज्याच्या कायद्याखालचा असा दावा अडतो का, यावर तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयांत (त्यांना ‘सर्किट’ म्हणतात) मतभेद झाले : २०२१ मध्ये नवव्या सर्किटने ‘नाही’ म्हटलं, २०२४ मध्ये तिसऱ्याने ‘हो’. वकिलाला हा मुद्दा सरळ विचारा.

प्रश्न : विदर्भातल्या शेतकऱ्याला इथे असा दावा करता येतो?

उत्तर : ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष उत्पादनाची जबाबदारी आहे. मुदत दोन वर्षं. अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर नाही, मोजलेल्या किमतीवर ठरतं. म्हणून तणनाशकाच्या डब्याची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगातच जाते. घोडं अडतं ते बिलावर. कृषी केंद्रातून पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर हवा, आणि लेबलचा फोटो काढून ठेवा.