आधी गोष्ट, मग कुंचला

प्रिय विद्यार्थ्यास, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली फारसी चित्राची नक्कल मिळाली. हात चांगला आहे, रेघ कुठे थरथरत नाही. पण त्या माणसांचं काय चाललंय हे तुला ठाऊक नव्हतं, आणि ते नकलेत दिसतं. तुझ्या वयात मीही निळा रंग जुळवण्यात दोन महिने घालवले. राजा कोणाकडे बघतोय, हे पाहिलंच नाही.

आता एकच चित्र घे: 'गयुमर्सचा दरबार'. इराणचा शाह तहमास्प याच्या शाहनाम्याच्या पोथीसाठी सुलतान मुहम्मद नावाच्या चित्रकाराने तब्रीझमध्ये १५२०च्या दशकात रंगवलेलं. आज ते टोरांटोच्या आगा खान संग्रहालयात आहे.

शाहनामा म्हणजे फिरदौसी कवीचं इराणी राजांवरचं महाकाव्य; आधी त्यातली ही गोष्ट वाच. गयुमर्स जगातला पहिला राजा, डोंगरावर राहणारा. विणलेलं कापड अजून कुणाला माहीत नाही, म्हणून सगळे बिबट्याची कातडी पांघरून बसलेत. सियामक हा त्याचा जीव की प्राण असलेला मुलगा. पुढे काळ्या दैत्याच्या हातून तो मरणार आहे. हे कळल्यावर राजाचा चेहरा बघ. मान किंचित कललेली, नजर मुलाकडे. दैत्य तिथे उभाही नाही, तरी पोटात कालवतं.

जवळच नातू होशंग आहे. मुंबईच्या पारशी घरांत तू हे नाव ऐकलं असशील, ते इथलंच. बापाचा सूड तोच घेणार, आणि त्याच्या फौजेत पशूही असणार. म्हणजे चित्रातले हे निवांत सिंह उद्याचे सैनिक!

मग खडकांपाशी थांब, भरपूर थांब. जांभळ्या, गुलाबी कड्यांत माणसांचे नि प्राण्यांचे चेहरे दडलेत. एक सापडला की शेजारचा डोळे उघडतो. कडे तर आखलेली चौकट ओलांडून हाशियात, म्हणजे पानाच्या कडेच्या मोकळ्या जागेत, घुसलेत. १५४४ मध्ये दोस्त मुहम्मद या सुलेखनकाराने लिहून ठेवलंय की या चित्रापुढे भल्याभल्या चित्रकारांनी माना तुकवल्या.

त्या पोथीत २५८ चित्रं होती. १९५९ मध्ये ती एका अमेरिकी संग्राहकाने घेतली आणि पुढे पानं सुटी करून वाटली, विकली. मला याचं आजही वाईट वाटतं. उरलेली ११८ चित्रं १९९४ मध्ये इराणला परत मिळाली. म्हणून सुटं पान दिसलं, की त्याच्या आधीच्या पानावर काय होतं ते शोध.

पुढची नक्कल पाठवशील तेव्हा सोबत प्रसंग तुझ्या शब्दांत अर्धं पान लिही. रंग नसले तरी चालतील. राजाचा चेहरा मात्र काढ.