हीथ्रोजवळ रात्र काढायची असेल तर

बुकिंगआधी टर्मिनल बघा. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर टर्मिनल २ आणि ३ शेजारी शेजारी आहेत, ४ आणि ५ मात्र वेगवेगळ्या टोकांना. (१ नंबर २०१५ पासून बंद आहे, शोधत बसू नका.) ‘हीथ्रो’ नाव लावलेली बरीच हॉटेलं खरं तर बाथ रोडवर आहेत. नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतात, पण बॅगा ओढत चालत जायचा विचारही नको. अमेरिकेत विमानतळाजवळची हॉटेलं बहुधा फुकट शटल देतात, म्हणून इथंही तसंच असेल असं समजू नका. टर्मिनल ते हॉटेल नेणाऱ्या इथल्या ‘हॉटेल हॉपा’ बसला तिकीट पडतं. दोघांचं येण्याजाण्याचं भाडं खोलीच्या दरात मिळवा, मगच स्वस्त-महाग ठरवा. पहाटेचं विमान आणि सोबत वयस्कर आई-बाबा असतील, तर मी सरळ टर्मिनलला जोडलेलं हॉटेल घेईन: टर्मिनल ५ ला सोफिटेल, ४ ला हिल्टन. महाग आहेत, पण झोप मिळते.

नुसता कनेक्टिंग प्रवास असेल तर आधी व्हिसाचं बघा. या हॉटेलांत जायचं म्हणजे इमिग्रेशन ओलांडायचं. अमेरिकेचा वगैरे व्हिसा असणाऱ्यांना काही सवलती आहेत, पण अटींसह. त्या ब्रिटिश सरकारच्या साइटवरच वाचा, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका.

हॉटेलच्या काउंटरवर अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात, ती सुटायला काही दिवस लागतात. त्यामुळे शक्यतो क्रेडिट कार्ड द्या. किटली खोलीत बहुतेक असतेच. तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर मात्र घरूनच न्या.