हात चालतोय म्हणजे बाई बरी झाली असं नसतं

पत्र बरंच मोठंय आणि नाव नको म्हटलंय, म्हणून थोडक्यात सांगते. लिहिणारी ३८ वर्षांची, सांगलीकडची. उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, आता दर २१ दिवसांनी केमो. चार झाल्या, पाचवीला औषध बदललं आणि तेव्हापासून बोटांना मुंग्या येतात. रात्री झोप लागत नाही म्हणून लेकीच्या दप्तरातले खडू घेते आणि आईच्या जुन्या वहीतल्या ठिपक्यांच्या रांगोळ्या कागदावर काढत बसते. सासूबाई म्हणाल्या, "चित्रं काढायला हात चालतो, मग पोळ्या लाटायलाच कसा दुखतो?" शेजारीण म्हणाली, असल्या वेळी रंग सुचतात तरी कसे बाई. नवरा कौतुकानं तेच कागद स्टेटसला टाकतो, खाली 'आमची फायटर', हिला ते नको होतं पण तो एवढी धावपळ करतोय म्हणून बोलवत नाही. आणि हल्ली काढायला जावं ते सगळं काळंच निघतं, एवढं की लेक म्हणते माझा काळा खडू संपवलास. शेवटी विचारलंय, "मावशी, मी नुसते स्वतःचे लाड करतेय का?"

अगं, करतेयस. आणि कर की! लाड करायला यापेक्षा कुठला मुहूर्त शोधणार आहेस?

आधी सासूबाईंचं बघू, कारण पत्रात तू त्यांना दीड पान दिलंयस आणि केमोला चार ओळी, त्यावरूनच कळलं जास्त कुठे दुखतंय ते. त्यांच्या आयुष्यात बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई, असाच हिशोब शिकवलेला असतो गं त्या पिढीला, त्यात वाईटपणा असेलच असं नाही. पण हिशोब चुकीचा आहे हे कुणीतरी सांगायला हवं. वीस मिनिटं उशीला टेकून मनगट हलवणं वेगळं आणि गॅससमोर उभं राहून, फोडणीच्या वासानं पोटात ढवळत असताना, काखेतल्या गाठी काढलेल्या हातानं कणीक तिंबून पंधरा पोळ्या लाटणं वेगळं. त्या हाताला सूज धरू शकते, म्हणून जड उचलू नका, ताण देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं असणारच. हे तू सांगू नकोस, तुझ्या तोंडून ते कारण वाटेल. नवऱ्यानं स्वतःच्या आईला सांगायचं. किंवा पुढच्या फेरीला सासूबाईंनाच बरोबर ने आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचार, घरातलं काय करू आणि काय नको. डॉक्टर बोलले की ते खरं असतं, आपल्याकडे असंच आहे.

आणि जमलं तर एकदा वही त्यांच्यापुढे सरकव आणि विचार, हे कमळ किती ठिपक्यांचं असतं हो? नाही विरघळल्या तर सोडून दे, सगळ्याच सासवा रांगोळीनं विरघळत नाहीत, मी बघितल्यात.

आता तुझ्या रांगोळ्या. तू लिहिलंयस की कोरा कागद समोर आला की डोकं बंद पडतं पण ठिपके मांडले की हात आपोआप चालतो. हे मला फार आवडलं कारण ते अगदी बरोबर आहे. केमोनं डोक्यात धुकं बसतं, फ्रीज उघडून कशाला उघडला ते आठवत नाही, तशात 'काय काढू' हा प्रश्नच केवढा मोठा. ठिपक्यांना तो प्रश्न नाही. सात ते एक मांडायचे, मग या ठिपक्यातून त्या ठिपक्यात, चुकलं तर दोन ठिपके मागे यायचं. चौकटीची वही घेतलीस तर ठिपके मांडायचेही कष्ट नाहीत, चौकोनांचे कोपरेच ठिपके. जमिनीवर वाकून खरी रांगोळी मात्र सध्या नको, पाठीला ताण आणि ती पूड नाकात जाते. टेबल, उजव्या कोपराखाली उशी, आणि वीस मिनिटं झाली की हात उचलून ठेव.

मुंग्यांचं आधी डॉक्टरांना सांग. सहन करत बसू नकोस, ते त्यांना कळायलाच हवं, कारण त्यावरून औषधाचा डोस कमी-जास्त करतात. तोवर बारीक पेन्सिल नको, जाड तेलखडू घे, नाहीतर पेन्सिलीला रबर गुंडाळून जाडजूड कर. टर्पेंटाइनचे, वासाचे रंग घरात आणूच नकोस. कटर-ब्लेड बंद, केमोनं रक्तातल्या पेशी कमी झालेल्या असताना बारीकसा काप पण महागात पडतो. गणपतीसाठी शाडूची माती मळायची इच्छा लिहिलीयस, ती यंदा विचारल्याशिवाय नको, मातीत जंतू असतात आणि तुझी ताकद आत्ता दुसरीकडे लागलीय.

कागद कापायचेच असतील तर लेकीची शाळेतली बोथट कात्री आहे. कात्रीवरून मातिस आठवला, हेन्री मातिस, फ्रान्सचा मोठा चित्रकार. १९४१ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्याचं कॅन्सरचं पोटाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर तो बराचसा खाटेवर नाहीतर चाकाच्या खुर्चीत. कॅनव्हाससमोर तासन्‌तास उभं राहणं संपलं तर त्यानं काय केलं, कागद रंगवून घेतले आणि बसल्या जागी कात्रीनं आकार कापायला लागला, आज त्याची तीच कामं लोक डोळे मोठे करून बघतात. आता हे ऐकून लगेच स्वतःला टोचू नकोस की मी बाई नुसती ठिपकेच जोडते. त्याला कागद रंगवून द्यायला, कापलेलं भिंतीवर लावायला माणसं होती आणि घरी पोळ्यांचा विषय नव्हता! घ्यायचं असलंच तर एवढंच घे की कागद दुसऱ्यानं रंगवला तरी चालतो. लेकीला रंगवू दे, तू काप.

शेजारणीचं 'रंग सुचतात कसे' सोड. तरी तिला उत्तर हवंच असेल तर हे सांग, २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ३९ मोठ्या माणसांना पाऊण तास चित्रं, माती, कोलाज असं काहीही करायला बसवलं आणि आधी-नंतर लाळ तपासली, तर साधारण चारातल्या तिघांचं ताणाचं हार्मोन, कॉर्टिसॉल, खाली आलेलं. आणि कला येणारे-न येणारे यात फारसा फरक नव्हता. पण मी तुला फसवणार नाही, ती सगळी धडधाकट माणसं होती, आणि कॉर्टिसॉल उतरणं म्हणजे गाठ उतरणं नव्हे. कुणी म्हणालं की चित्रं काढून कॅन्सर बरा होतो तर चहा पाजून वाटेला लाव. औषध ते औषध, खडू ते खडू.

काही दिवस खडूही उचलवणार नाही. केमोनंतरचे तिसरा-चौथा दिवस असे जातात हे तूच लिहिलंयस. त्या दिवशी काही करू नकोस, पडून ऐक. माझी वहिनी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची, चार-चार तास, एक हात सुईत अडकलेला. पहिल्यांदा मी शहाणी तिला विणकाम घेऊन गेले, एका हातानं काय विणणार ती? मग दुसऱ्या वेळी इअरफोन नेले. डोळे मिटून नाट्यगीतं ऐकायची, मधेच मोकळ्या हाताची बोटं चादरीवर ताल धरायची, नर्सला वाटलं पेशंटला झटके येतायत, धावत आली बिचारी.

आणि आपले कुमार गंधर्व. ऐन तारुण्यात, १९४७ मध्ये लग्न झालं आणि त्याच सुमाराला क्षय निघाला. माळव्यात देवासला जाऊन राहिले, डॉक्टरांनी गाणं बंद केलं, एक फुप्फुस निकामी झालेलं. पाचेक वर्षं गवई माणूस अंथरुणात आणि गायचं नाही, विचार कर. तेव्हा माळव्यातली लोकगीतं कानावर पडत राहिली, ती त्यांनी नुसती ऐकली, मनात साठवली, आणि उठल्यावर त्यातूनच पुढे नवे राग बांधले. तू काही राग बांधायला जाऊ नकोस, उठल्यावर काय दाखवणार असं कुणी विचारलं तर 'काही नाही' म्हण. मला फक्त एवढंच सांगायचंय की अंथरुणात पडून ऐकलेलं गाणं आळसात धरत नाहीत.

स्टेटसचं मात्र आजच बोल. तो चांगला माणूस आहे हे पत्रभर दिसतंय, म्हणूनच त्याला सांगता येईल. रात्री दोनला, केस नसलेलं डोकं स्कार्फमध्ये गुंडाळून काढलेला कागद, त्याखाली सकाळी चाळीस जणांचे अंगठे, मग पुढच्या रात्री तू कागदासाठी बसत नाहीस, अंगठ्यांसाठी बसतेस, आणि चांगलं आलं पाहिजे हे ओझं परत येतं. त्याला म्हण, हे माझ्या एकटीचं आहे, हे टाकू नका, तुम्हाला टाकायचंच असेल तर तुम्ही केलेल्या खिचडीचा फोटो टाका. एकदा रागवेल. रागवू दे.

काळ्याची भीती तुला आहे की लेकीला? लेकीला खरं सांग, तिच्या वयाला झेपेल एवढं. "मला आत भीती वाटते ना, ती इथे काढून ठेवली, म्हणजे रात्री थोडी कमी त्रास देते." मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर कळतं, ती कदाचित स्वतःची भीती पण काढून दाखवेल, तेव्हा घाईनं 'काही नाही गं होत' म्हणू नकोस, बघ फक्त. पण कागद काळा आहे याची मला काळजी नाही, तू शेवटी जे एक वाक्य लिहून खोडलंयस, ते मला वाचता आलं, त्याची आहे. सकाळी उठून कशासाठी उठायचं असं रोज वाटत असेल तर खडूवर विसंबू नकोस. केमोच्या डॉक्टरांना सांग, समुपदेशक असतात, तेही त्यांच्याच कामाचा भाग आहे. आणि रात्री दोनला कुणीच नसेल तेव्हा १४४१६ हा टेलि-मानसचा, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पैशांचं लिहिलंयस की एवढा खर्च चाललाय आणि मी रंगांवर घालू का. तेलखडूंचा डबा दीडशे-दोनशे रुपयांत येतो गं. परवाच्या एका रक्ततपासणीहून कमी. उद्या नवऱ्याला आणायला सांग, आणि त्याला सांग की काळा एक जास्तीचा, सुटा मिळाला तर बघा. लेकीचा तिला परत दे, तिच्या पुढच्या आठवड्याच्या चित्रकलेच्या तासाला लागेल.