वाचकांचे प्रश्न : यादवी युद्धातल्या गव्हर्नरांची पत्रं

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५), म्हणजे केंद्र सरकारची बाजू धरणारी उत्तर (युनियन) आणि फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं (कॉन्फेडरेट) यांच्यातल्या लढाईत, राज्यांच्या गव्हर्नरांनी लिहिलेली आणि त्यांना आलेली पत्रं कशी वाचावीत, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न : गव्हर्नरांच्या पत्रांत बंदुका, घोंगड्या, बूट आणि पगार यांचाच पाढा असतो. हे काम लष्कराचं नव्हतं का?

आधी ‘राज्यपाल’ हा प्रतिशब्द बाजूला ठेवा, गोंधळ तिथून सुरू होतो. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला राज्याचा कारभारी असतो आणि राज्याच्या मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांच्या राखीव फौजेचा, प्रमुखही. युद्ध सुरू झालं तेव्हा केंद्राची खडी फौज साधारण १६ हजारांची होती आणि तीही बरीचशी पश्चिमेकडच्या ठाण्यांवर विखुरलेली. म्हणून माणसं राज्यांकडे मागावी लागली. स्वयंसेवकांची पलटण म्हणजे दहा कंपन्या, सगळे मिळून सुमारे हजार माणसं. ती उभी करायची गव्हर्नरने, आणि कर्नलपर्यंतच्या अधिकाऱ्यांच्या सनदाही त्यानेच द्यायच्या. जनरल नेमणं मात्र राष्ट्राध्यक्षांच्या हाती.

पैशांची गोम वेगळीच. पलटण फौजेत रुजू होईपर्यंतचा खर्च राज्य करी आणि २७ जुलै १८६१ च्या कायद्यानुसार केंद्राकडून वसूल करी. म्हणून घोंगड्यांच्या पावतीवरून महिनोन्‌महिने पत्रं झडत. हा भाग कंटाळवाणा म्हणून सोडू नका. राज्याची खरी ताकद भाषणांपेक्षा या पावत्यांतच दिसते.

प्रश्न : काही गव्हर्नरांनी लिंकनना माणसं द्यायला तारेने साफ नकार दिला, असं वाचलं. त्या तारा खऱ्या आहेत का?

खऱ्या आहेत. १५ एप्रिल १८६१ ला लिंकन यांनी तीन महिन्यांसाठी ७५ हजार मिलिशिया मागवली. युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांनी प्रत्येक राज्याचा वाटा ठरवून दिला. एकूण ९४ पलटणी, प्रत्येकी सुमारे ७८० माणसांच्या. न्यूयॉर्कच्या वाट्याला १७, पेन्सिल्व्हेनियाच्या १६, केंटकी आणि मिसूरी यांच्या वाट्याला चार-चार. केंटकीचे बेरिया मॅगॉफिन यांनी कळवलं की दक्षिणेतल्या भगिनी राज्यांना चिरडण्याच्या दुष्ट कामासाठी केंटकी एकही माणूस देणार नाही. मिसूरीचे क्लेबॉर्न जॅक्सन यांनी ही मागणी बेकायदा, घटनाबाह्य आणि अमानुष ठरवली. टेनेसीचे आयशम हॅरिस यांनी एकही माणूस द्यायला नकार दिला, पण आपल्या हक्कांच्या रक्षणासाठी गरज पडल्यास ५० हजार देऊ, असंही जोडलं.

या तारा युद्ध खात्याने १८८० ते १९०१ या काळात छापलेल्या अधिकृत कागदपत्रांच्या १२८ ग्रंथांत मिळतात. नवशिका वाचक पहिल्या मालिकेत शोधतो आणि हात हलवत परततो, कारण तिथे मोहिमांचे कागद आहेत. गव्हर्नर आणि उत्तरेचं सरकार यांचा पत्रव्यवहार मुख्यतः तिसऱ्या मालिकेच्या पाच खंडांत आहे, दक्षिणेचा चौथ्या मालिकेच्या तीन खंडांत. एप्रिल १८६१ साठी तिसऱ्या मालिकेचा पहिला खंड उघडा.

एक सावधगिरी. नकाराची तार हे गव्हर्नरचं मत, राज्याचं नव्हे. मॅगॉफिन यांच्या तारेनंतरही केंटकी युनियनमधून बाहेर पडलं नाही. मे महिन्यात त्याने तटस्थता जाहीर केली आणि सप्टेंबरमध्ये विधिमंडळ युनियनच्या बाजूने उभं राहिलं. मॅगॉफिन यांनी ऑगस्ट १८६२ मध्ये राजीनामा दिला.

प्रश्न : मोडी कागद वाचायची सवय आहे, पण या इंग्रजी हस्तलिखितांपुढे अडखळायला होतं. सुरुवात कुठून करावी?

पाठीकडून. त्या काळी आलेलं पत्र तीन किंवा चार घड्या घालून उभं बांधून ठेवत आणि बाहेर राहिलेल्या घडीवर कारकून लिहून ठेवी : कुणाचं, कुठून, कोणत्या तारखेचं, दोन ओळींत विषय, कधी मिळालं. खाली शेरे. पत्र गव्हर्नरकडून राज्याच्या अ‍ॅडज्युटंट जनरलकडे (राज्याच्या फौजेचा दफ्तरी कारभार पाहणारा अधिकारी), तिथून युद्ध खात्याकडे, मग पुन्हा उलट्या वाटेने फिरे आणि प्रत्येक टेबलावर नवा शेरा, नवी तारीख, नवी सही पडे. निर्णय बहुधा तिथेच असतो. समोरच्या पानावर आईने मुलाच्या सुटकेसाठी चार पानं लिहिलेली असतात आणि मागे एका ओळीत ‘नामंजूर’. फक्त समोरची बाजू स्कॅन केलेली असेल, तर अर्धाच कागद हाती आला असं समजा.

शेरे तारखेच्या क्रमाने लावून घ्या, कागदावर ते जिथे जागा मिळेल तिथे लिहिलेले असतात. मग आवक-जावक नोंदवहीतला क्रमांक पाहा. तो जुळला की उत्तराची नक्कल जावक पत्रांच्या वहीत सापडते.

वाचताना तीन ठेचा हमखास लागतात. पहिली ‘इन्स्ट.’, ‘अल्ट.’, ‘प्रॉक्स.’ यांची. पहिलं म्हणजे चालू महिना, दुसरं मागचा, तिसरं पुढचा. ३ मार्चच्या पत्रात ‘१७ अल्ट.’ लिहिलं असेल तर ती १७ फेब्रुवारी. इथे चूक झाली तर उत्तर प्रश्नाच्या आधी गेलेलं दिसतं आणि मग माणसं नसलेले कट शोधू लागतात. दुसरी ठेच जोड ‘एस’ची. जुन्या वळणाचे लेखक त्यातला पहिला ‘एस’ लांब, ‘एफ’सारखा काढत. तिसरी नावांच्या आद्याक्षरांत ‘आय’ आणि ‘जे’ सारखेच दिसण्याची. आद्याक्षरावर भिस्त ठेवू नका, तेच नाव पलटणीच्या हजेरीपटात ताडून पाहा.

प्रश्न : गव्हर्नर सांकेतिक तारा पाठवत असत का? त्या उलगडायच्या कशा?

पाठवत. युद्धाच्या आरंभी ओहायोचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांना इंडियाना आणि इलिनॉयच्या गव्हर्नरांशी गुप्तपणे बोलायचं होतं. तारखात्यातले जाणकार अ‍ॅन्सन स्टेजर यांनी त्यांना एक पद्धत करून दिली. तीच पुढे युनियनच्या लष्करी तारयंत्रणेत वापरली गेली. तिच्यात अक्षरं नव्हे, शब्दांच्या जागा बदलतात. तारवाल्याला अर्थहीन अक्षरांपेक्षा ओळखीचे शब्द बिनचूक पाठवणं सोपं जातं, म्हणून ही निवड अतिशय शहाणपणाची होती.

मराठीत करून पाहा. बारा शब्दांचा निरोप तीन स्तंभांत, चार ओळींत लिहा :

उद्या – सकाळी – दोन
पलटणी – रेल्वेने – निघतील
बंदुका – कमी – आहेत
दारूगोळा – लगेच – पाठवा

आता वाट ठरवा : पहिला स्तंभ खालून वर, तिसरा वरून खाली, दुसरा खालून वर. प्रत्येक स्तंभ संपला की एक फालतू शब्द घाला. तार अशी जाते : ‘दारूगोळा बंदुका पलटणी उद्या पाऊस दोन निघतील आहेत पाठवा काका लगेच कमी रेल्वेने सकाळी चहा’. ‘पाऊस’, ‘काका’, ‘चहा’ हे भरताड. प्रत्यक्षात आरंभी एक खुणेचा शब्द असे आणि त्यावरून स्तंभ किती व वाट कोणती ते कळे. शिवाय माणसांची, गावांची नावं आणि ‘पलटण’सारखे नेहमीचे शब्द ठरावीक भलत्याच शब्दांनी बदललेले असत.

उलगडताना उलट्या क्रमाने जा. मधला एक शब्द तारेत गळला तर त्या स्तंभातले पुढचे सगळे शब्द एक घर सरकतात. फालतू शब्द इथे कामी येतो. तो स्तंभाच्या टोकाला पडला नाही, तर गळती त्याच स्तंभात आहे हे लगेच कळतं.

बहुतेक तारा मात्र साध्या भाषेत आहेत. इंडियानाचे गव्हर्नर ऑलिव्हर मॉर्टन यांच्या तारांच्या वह्या आजही पाहता येतात. तारेची भाषा तुटक म्हणून ती कोरडी असते, असं मात्र मानू नका. १९ एप्रिल १८६१ ला बाल्टिमोरमध्ये जमावाने मॅसॅच्युसेट्सच्या सहाव्या पलटणीवर हल्ला केला आणि तिचे चार सैनिक मारले गेले. गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी तिथल्या महापौरांना तार केली : मृतदेह नीट ठेवा, बर्फात जपा, हळुवारपणे माझ्याकडे पाठवा, सगळा खर्च हे राज्य देईल. ‘हळुवारपणे’ हा शब्द सरकारी तारेत घालणारा माणूस आपल्या सैनिकांना काय समजत होता, ते त्या एका शब्दात आहे.

प्रश्न : मूळ पत्रावरची तारीख तरी खरी मानावी ना?

नेहमी नाही. जून १८६२ च्या अखेरीस दक्षिणेची राजधानी रिचमंड हिच्याजवळ युनियनच्या फौजेला मागे हटावं लागत होतं. लिंकन यांना आणखी माणसं हवी होती, पण आपण जाहीर हाक दिली तर घबराट पसरेल, ही भीती त्यांनी परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांना लिहिलेल्या पत्रात सरळ मांडली आहे. मग सेवर्ड यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून जमवाजमव केली. गव्हर्नरांनीच राष्ट्राध्यक्षांना ‘आणखी फौज मागवा’ अशी विनंती केल्याचं पत्र तयार झालं आणि त्यावर २८ जून ही मागची तारीख पडली. १ जुलैच्या उत्तरात लिंकन यांनी ती ‘विनंती’ मान्य करून तीन लाख माणसं मागितली. छापील पानावर हे गव्हर्नरांचं उत्स्फूर्त पत्र वाटतं. शेजारी सेवर्ड यांचा त्याच दिवसांतला पत्रव्यवहार ठेवला की मसुदा कुणाच्या टेबलावर झाला ते दिसतं.

दुसरा सापळा जाहीर पत्रांचा. १६ एप्रिल १८६२ ला कॉन्फेडरेट सरकारने १८ ते ३५ वयाच्या पुरुषांवर सक्तीच्या भरतीचा कायदा लादला. जॉर्जियाचे गव्हर्नर जोसेफ ब्राउन यांनी कॉन्फेडरेट राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांना लांबलचक पत्रं लिहून तो घटनाबाह्य ठरवला. हा पत्रव्यवहार त्याच वर्षी पुस्तिका म्हणून छापला गेला. अशी पत्रं पाठवली एकाला, पण लिहिलेली मतदारांसाठी असतात. ब्राउन प्रत्यक्षात काय करत होते ते त्यांच्या कार्यालयाच्या रोजच्या हुकमांत शोधा : मिलिशियाचे अधिकारी आणि राज्याचे कर्मचारी भरतीतून वाचवण्यासाठी कुणाकुणाला सूट मिळाली, ते तिथे कळतं. कायद्याचा मुद्दा ते घरच्याच न्यायालयात हरले. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १८६२ मध्ये कायदा वैध ठरवला.

प्रश्न : काही नकला पातळ, पिवळ्या कागदावर पुसट आणि उलट्या दिसतात. त्या कशा वाचाव्यात?

त्या दाबनकला. ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून लोखंडी स्क्रू-प्रेसमध्ये दाबत. शाई चिकटलेल्या बाजूला अक्षरं आरशातल्यासारखी उलटी उमटतात आणि पातळ कागदातून आरपार पाहिलं की सुलटी दिसतात. म्हणजे उलटं दिसत असेल तर तुम्ही चुकीच्या बाजूने पाहताय. मागे कोरा पांढरा कागद सरकवा, म्हणजे खालच्या पानाची अक्षरं मिसळणार नाहीत. दिवा वरून न धरता बाजूने तिरका धरा. स्कॅनमध्ये आधी कॉन्ट्रास्ट वाढवा, मग गरज वाटली तर प्रतिमा उलटवा.

पाणी किंवा ओलं फडकं लावू नका. त्या काळच्या बहुतेक शाईत लोहाचे क्षार आणि मायफळांचं टॅनिन असतं. ओल लागली की लोह कागदात पसरतं आणि अक्षराभोवतीचा कागद आणखी तपकिरी होऊन तडकतो. प्लास्टिकमध्ये चिकटवून बंद करणं तर त्याहून वाईट, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही.

प्रश्न : दक्षिणेत टपालाचा दर किती होता?

१ जून १८६१ पासून अर्ध्या औंसाला ५०० मैलांपर्यंत ५ सेंट, त्यापुढे १० सेंट. १ जुलै १८६२ पासून सरसकट १० सेंट. उत्तरेत ३ सेंट, आणि दक्षिणेत अडकलेली तिकिटं वापरता येऊ नयेत म्हणून जुनी तिकिटं रद्द करून नवी काढली होती.

प्रश्न : एका प्रकरणाचा माग शेवटपर्यंत काढून पाहायचा असेल तर कोणतं निवडावं?

आमचा कौल मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीच्या पगाराला. कागद भरपूर आहेत आणि अन्याय आकड्यांत उघडा पडतो. २६ जानेवारी १८६३ ला युद्धमंत्री स्टँटन यांनी अँड्र्यू यांना कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण उभारायची परवानगी दिली. ३० तारखेला अँड्र्यू यांनी रॉबर्ट गूल्ड शॉ यांना कर्नलपद देऊ करणारं पत्र त्यांच्या वडिलांमार्फत धाडलं. इतरांइतकाच पगार मिळेल, या शब्दावर माणसं भरती झाली. पुढे खात्याने १७ जुलै १८६२ च्या कायद्यावर बोट ठेवलं : महिना १० डॉलर, त्यातले ३ कपड्यांपोटी कापायचे. गोऱ्या शिपायाला १३ डॉलर आणि कपड्यांचा भत्ता वेगळा.

चार फायली समोरासमोर ठेवा : परवानगीपत्र, भरतीची जाहिरात, पगारपत्रक आणि अँड्र्यू यांची वॉशिंग्टनला गेलेली पत्रं. राज्याच्या विधिमंडळाने फरक आपल्या तिजोरीतून द्यायचं ठरवलं, तेव्हा सैनिकांनी तोही नाकारला. त्यांचं भांडण डॉलरांपुरतं नव्हतं, राष्ट्राने आपल्याला पूर्ण सैनिक मानावं यासाठी होतं. म्हणून पगारपत्रकात सहीच्या जागी रिकामा रकाना दिसला तर ‘कागद अपुरा’ अशी नोंद करून पुढे जाऊ नका. तारीख पाहा. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, जून १८६४ मध्ये पगार समान केला. त्याआधीचा रिकामा रकाना हे त्या माणसांचं उत्तर असू शकतं.