'खाशाबा' सिनेमाची आमच्या घरात एवढी वाट का बघतात

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पैलवान खाशाबा जाधव यांच्यावरच्या, नागराज मंजुळे यांच्या 'खाशाबा'ची एवढी वाट बघण्यासारखं काय आहे, ही एक. आणि त्यांचाच 'झुंड' बघून हिरमोड झालेल्या प्रेक्षकाने पुन्हा अपेक्षा ठेवावी का, ही दुसरी. पहिलीचं उत्तर द्यायला मला तुम्हाला आमच्या घरात न्यावं लागेल, त्यामुळे थोडं लांबेल.

मी कोपरखैरण्यात राहतो. आजोबांना आम्ही आबा म्हणतो. ते कराडजवळच्या एका खेड्यातले. तरुणपणी मुंबईत मशीदबंदरला गोणी वाहायला आले, पुढे बाजार वाशीला आला तसे हमालांच्या टोळीबरोबर खाडी ओलांडून इकडे आले. आमच्या वसाहतीत कुणालाही गाव विचारा, कराड, पाटण, जावळी यांतलंच काहीतरी ऐकायला मिळेल. आबांची पाठ आता वाकलीय, पण उजवा कान अजून तसाच आहे, मोडलेला, वाळक्या अंजिरासारखा. तो मातीतला, कुस्तीत मोडलेला कान आहे. लग्नाआधी तीन-चार वर्षं ते तालमीत होते, जत्रेत नारळाच्या, म्हणजे बक्षिसाला नारळ असलेल्या, कुस्त्या खेळायचे. शेजारच्या गावाच्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागला की आजही त्यांना खुर्ची घेऊन तिथे बसवावं लागतं.

"आला का रं त्यो पिक्चर?" हे ते महिन्यातून दोनदा तरी विचारतात. मी हे लिहितोय तोवर तारीख आलेली नाही. मी "अजून नाही आबा" म्हणतो. "लागू दे येळ, पन नीट करू दे," म्हणतात आणि कुशीवर वळतात.

सिनेमा ज्यांच्यावर आहे ते खाशाबा जाधव कराडला लागून असलेल्या गोळेश्वरचे. जन्म १९२६ चा. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक थेट १९९६ ला, अटलांटात, लिएंडर पेसचं. मध्ये ४४ वर्षं गेली. शाळेत मला यातलं एक अक्षर शिकवलेलं आठवत नाही. जे कळलं ते आबांकडून.

परत आल्यावर कराडला त्यांची मिरवणूक निघाली. शंभराच्या वर बैलगाड्या होत्या आणि एरवी पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास लागले, असं आमच्या भागात सांगतात. त्या गाड्यांत एक गाडी माझ्या पणजोबांची होती. आबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावला होता, पावसाने तो ओघळून बैलांच्या कपाळावर आला होता, हे ते इतकं तपशिलात सांगतात की मलाच तो लाल ओघळ दिसायला लागतो. मी एकदा विचारलं, आणि खाशाबा कसे दिसत होते? आबा गप्प झाले. मग म्हणाले, "दिसला कुटं? म्होरं सगळी मानसं. मला फकस्त चाकं आन् पाय दिसलं."

पुढे आबा मुंबईत, खाशाबा पोलीस खात्यात. भेट कधी झाली नाही. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले, तेही आबांना चार दिवसांनी बाजारात कुणाकडून तरी कळलं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्याच्याही नंतर पंधराएक वर्षांनी. ज्या माणसाच्या मिरवणुकीत स्वतःच्या बापाची गाडी होती, तो माणूस बघायचा राहून गेला, हे आबांच्या मनात सत्तर वर्षं आहे. आमच्या घरी वाट बघितली जाते ती यासाठी.

आता माझं. मी वाट बघतोय ती दिग्दर्शकामुळे.

कुस्तीवर सिनेमा म्हटलं की काय येणार हे आपल्याला पाठ झालंय. पहाटेची धाव, घामाचे थेंब, हरल्यावर पाऊस, शेवटच्या डावाला सगळं संथ होणार, मागे ढोल, मग तिरंगा. खाशाबांची गोष्ट या साच्यात बसवणं फार सोपं आहे आणि म्हणूनच मला भीती होती. मंजुळे यांचं नाव ऐकलं तेव्हा ती बरीच कमी झाली. हा माणूस करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. त्याच्या सिनेमातली माणसं रंगवून गरीब केलेली नसतात. 'फँड्री'तला जब्या, 'सैराट'मधली आर्ची, दोन्ही भूमिकांत कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभी राहिलेली मुलं होती आणि दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कारात स्थान मिळालं. 'सैराट' आम्ही २०१६ च्या मे महिन्यात वाशीला बघितला, वसाहतीतले वीस-बावीस जण मिळून. मध्यंतरापर्यंत पोरं खुर्च्यांवर उभी राहून नाचत होती. शेवटी पडद्यावरचा आवाज जातो, तिथे थिएटरात कुणाच्या हातातली पॉपकॉर्नची पिशवी चुरचुरली तेवढीच ऐकू आली. बाहेर पडताना कुणी कुणाशी बोललं नाही. रिक्षातसुद्धा नाही. ज्याला शेवटचा क्षण असा कोरडा ठेवता येतो, तो हेलसिंकीच्या क्षणाला ढोल लावणार नाही, असा माझा विश्वास आहे.

मला त्या सिनेमात काय बघायचंय ते सांगतो.

पाय बघायचेत. हे मला आबांनी शिकवलं. लंडनला गेले तोवर खाशाबांचा जन्म मातीत गेलेला. तिथे गादी. मी आबांना म्हटलं, कुस्ती ती कुस्ती, माती काय नि गादी काय. आबा पलंगावरून उठले, भिंतीला हात धरून फरशीवर अनवाणी उभे राहिले आणि उजव्या पायाची बोटं खाली रोवायला लागले. अंगठ्याचं नख पांढरं झालं. "मातीत ह्यो आंगठा रुततो. त्येच्यावर सगळं आंग असतंय. आता हितं सांग, कुटं रुतवू?" फरशीवर त्यांचा पाय सरकत होता. मी त्यांना धरलं. वय पंच्याऐंशीच्या घरात, आणि पाय अजून माती शोधत होता. त्यात नियमही वेगळे. मातीत चितपट होईपर्यंत कुस्ती, गादीवर वेळेचं बंधन आणि गुणांचा हिशोब. वीस-बावीस वर्षांच्या पोराने हे सगळं परक्या देशात जाऊन पहिल्यांदा अंगावर घेतलं आणि तरी सहावा आला. मला पदकापेक्षा हे सहावं येणं जास्त मोठं वाटतं. मोठ्या पडद्यावर तो अंगठा दिसायला हवा.

दुसरं, पैसे. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, गावाने आणि ओळखीच्यांनी जमेल तशी भर घातली. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्यातून प्राचार्यांचे पैसे फेडले, असं सांगतात. विचार करा, ऑलिंपिकचं पदक घेऊन आलेला माणूस पहिलं काम करतो ते गुरुजींचं घर सोडवण्याचं. आमच्याकडे कर्ज म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या बहिणीच्या लग्नाला टोळीतल्या बारा जणांनी मिळून उचल दिली होती, आबांनी ती तीन दिवाळ्यांत फेडली आणि शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली. ही पुरणपोळीची चव ज्याला कळते तोच दिग्दर्शक ते ७,००० रुपये नीट दाखवू शकेल. मंजुळे यांना ती कळते, असं त्यांचे आधीचे सिनेमे बघून मला वाटतं.

पदकानंतरची वर्षं दाखवतील का, हे मला माहीत नाही. दाखवावीत असं फार वाटतं. पोलिसातली नोकरी, बढतीची वाट, विसरलेलं नाव. त्यासाठी शेवटचा अर्धा तास संथ झाला तरी चालेल.

'झुंड'बद्दल तुमच्याशी मी निम्मा सहमत आहे. सिनेमा जवळपास तीन तासांचा आहे आणि उत्तरार्धात एकेका मुलाची गोष्ट गुंडाळताना तो पसरतो. पण मला वाटतं तुमचा हिरमोड झाला तो 'सैराट' मनात ठेवून गेल्यामुळे. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलला लावणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावर तो बेतलेला, हिंदीत केलेला, अमिताभ बच्चन असलेला सिनेमा होता. त्याची चाल वेगळीच असणार होती. एकदा पुन्हा बघा, मुलांकडे लक्ष ठेवून. त्यांच्या शिव्यांत, चालण्यात, पासपोर्टसाठी ऑफिसं पालथी घालण्यात हा दिग्दर्शक पूर्ण आहे. अपेक्षा जरूर ठेवा, फक्त ती मागच्या सिनेमाची ठेवू नका. मी तर अपेक्षा ठेवूनच जाणार आहे. आवडत्या माणसाच्या घरी जेवायला जाताना आपण उपाशी जातोच की.

एक कळकळीची विनंती. वाट बघणाऱ्यांपैकी बरेच जण "बघू निवांत, नाहीतर येईलच मोबाइलवर" म्हणून पहिला आठवडा घालवतात. नवी मुंबईत मराठी सिनेमाचं काय होतं ते मी बघत आलोय. मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला दुपारी १२ ते रात्री ९ मध्ये खेळ द्यावा, असं सरकारने २०१५ साली ठरवलं, तरी पहिल्या शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की पुढच्या शुक्रवारी तो सिनेमा एका अवघड वेळेच्या खेळावर येतो आणि त्यापुढच्या शुक्रवारी जातो. ज्याची वाट बघायची त्याला पहिल्या तीन दिवसांत जाऊन भेटायचं. आमच्या वसाहतीत मी आतापासून सांगून ठेवलंय, पस्तीस नावं झाली आहेत. बाजाराला सुट्टी रविवारी, त्यामुळे बहुतेक पहिला रविवार.

आबांसाठी मात्र शुक्रवारचा दुपारचा खेळ काढणार आहे. संध्याकाळी सातनंतर त्यांचा डोळा लागतो. एक कान अधू आहे, म्हणून डावा कान स्पीकरकडे येईल अशी जागा हवी. तीन तास बसवणार नाही, तेव्हा बाजूची खुर्ची, मध्येच उठता येईल अशी. हे सगळं मी ठरवून त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाले, "कुटं बी बसीव. पन म्होरं कुनाचं डोकं नको."

वाशीच्या त्या थिएटरात मधल्या पायऱ्यांनंतर एक रांग आहे, तिच्यासमोर फक्त कठडा आहे. ती बघून ठेवलीय.