सासूबाईंना संस्थेत ठेवलं, म्हणजे टाकलं का?

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाचं घर माझ्यासमोर बसलं की हा प्रश्न येतोच. विचारणारी बहुतेकदा लेक किंवा सून असते आणि वर्षानुवर्षं सगळं तिनेच केलेलं असतं. ज्यांनी काही केलेलं नसतं, त्यांना हा प्रश्न सहसा छळत नाही.

फोंड्याकडची एक शिक्षिका आली होती (ओळखीचे तपशील बदलले आहेत). सासूबाई रात्री उठून ‘हांव घरा वता’ (मी घरी जाते) म्हणत दाराची कडी काढायच्या. एकदा विहिरीपाशी सापडल्या. नवरा बोटीवर. फोनवर त्याचं एकच, ‘आश्रम नको, लोक काय म्हणतील!’

मी आजाराचं बाजूला ठेवून विचारलं, ‘सलग कधी झोपलात?’

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मॅडम, परवा त्यांच्यावर माझा हात उठला.’ आणि रडू लागली.

‘हे काम तीन पाळ्यांचं आहे. तुम्ही तिन्ही एकट्या करताय, वर शाळा. प्रेम आटलेलं नाही, शरीर संपलंय.’

आजार एकाच्या मेंदूत असतो, पण भार घर कसा वाटून घेतं, हे मी आधी बघते. म्हणून नवरा रजेवर आला तेव्हा त्याला एवढंच सांगितलं, ‘आठवडाभर रात्री तुमच्या. बायकोला उठवायचं नाही.’ आठवडा संपायच्या आत त्याचाच फोन आला, ‘मॅडम, चांगली जागा कुठे मिळेल?’ लोक काय म्हणतील, हा विषय पुन्हा निघाला नाही. ज्याने रात्र पाहिली नाही त्याचं मत घरात सर्वांत ठाम असतं, हे मला अशा घरांनीच शिकवलं.

मी प्रत्येकाला संस्थेकडे पाठवत नाही. त्रास एकाएकी वाढला तर आधी डॉक्टरांना दाखवा. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा दुखणंही त्यामागे असतं. घरी आधार मिळाला तरी फरक पडतो. गोव्यातच झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जाऊ लागल्यावर सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला होता. पण रात्रीची झोप, भटकणं आणि मारहाण यांवर उपाय चालेनासे झाले, तर थांबू नका.

जागा बघायला दिवेलागणीनंतर जा, कारण गोंधळ अनेकदा तेव्हा वाढतो. रात्री सांभाळणारी माणसं किती असतात, कुणाला बांधून ठेवतात का, झोपेचं औषध कोण ठरवतं, हे स्पष्ट विचारा. त्यांची रोजची चादर सोबत द्या. भेटायला शक्यतो सकाळी जा आणि ‘मला ओळखलंत का?’ असं विचारू नका. आपलं नाव आपणच सांगा.