वाचकांचे प्रश्न : एमएसडब्ल्यू करताना

प्रश्न : माझी पदवी वाणिज्य शाखेची आहे, समाजकार्याचा अनुभव नाही. एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला) प्रवेश मिळेल का? मुलाखतीची तयारी कशी करू?

उत्तर : बहुतेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, झालेल्यांना काही देशांत पहिल्या वर्षाच्या अभ्यासात सूट मिळते, ती तुम्हाला मिळणार नाही, इतकंच. हिशेब वाचता येणं ही तर जमेची बाजू आहे. प्रकल्पाचं अंदाजपत्रक मांडायची वेळ आली की समाजकार्याचे बरेच विद्यार्थी अडखळतात.

मुलाखतीत ‘मला लोकांची सेवा करायची आहे’ एवढ्यावर थांबू नका. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कोणत्या लोकांची, आणि त्यासाठी पदवी कशाला हवी? अर्ज भरण्याआधी दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा एखाद्या संस्थेत नियमित जा. तिथे काय अडतं, कुठे अडतं, कोण निर्णय घेतं हे पाहा. कर्जाचे हप्ते थकलेल्या एका कुटुंबाची अडचण नीट सांगता आली, तर ती गरिबीवरच्या भाषणापेक्षा समितीला जास्त पटते. स्वतःच्या घरातल्या दुःखातून या क्षेत्राकडे वळला असाल तर ते लपवू नका. पण त्याच प्रकारचं दुःख रोज समोर आलं तर तुम्हाला आधार कोणाचा असेल, याचं उत्तर मात्र आधी स्वतःशी ठरवून जा.

प्रश्न : माझे क्षेत्रकार्याचे (संस्थेत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाचे) अहवाल ‘मत जास्त, नोंद कमी’ असा शेरा मारून परत येतात. नेमकं काय लिहायचं? शिवाय संस्थेत मला फक्त फॉर्म भरायला बसवतात.

उत्तर : एमएसडब्ल्यूचा गाभा क्षेत्रकार्य आहे, त्यामुळे या दोन्ही गोष्टी वेळीच सुधारायला हव्यात. वर्गात शिकलेलं व्यक्ती सहाय्य कार्य (एकेका व्यक्ती-कुटुंबासोबतचं काम), गटकार्य आणि समुदाय संघटन (वस्तीतल्या लोकांना एकत्र आणणं) हातात बसतं ते इथेच. अमेरिकेत तर मान्यताप्राप्त एमएसडब्ल्यूसाठी क्षेत्रकार्याचे किमान ९०० तास बंधनकारक आहेत.

आधी अहवालाचं पाहू. गृहभेटीनंतर विद्यार्थी लिहितो : ‘आई मुलीच्या शिक्षणाबाबत उदासीन आहे.’ हा निष्कर्ष झाला, नोंद नव्हे. नोंद अशी हवी : ‘मी शाळेचं विचारलं तेव्हा आईने भांडी घासायचं थांबवलं नाही. “बघू” एवढंच म्हणाली. वह्या धाकट्याने फाडल्या असं मुलीने मध्येच सांगितलं, तेव्हा आई पहिल्यांदा माझ्याकडे वळली.’ हे वाचून पर्यवेक्षक विचारू शकतात, की आई उदासीन होती, की तिला लाज वाटत होती, की तुम्ही कामाच्या वेळेला गेलात? ‘उदासीन’ या शब्दाने हे तिन्ही प्रश्न बंद करून टाकले होते.

प्रत्येक भेटीची नोंद चार भागांत ठेवा : भेटीचा हेतू, काय घडलं आणि कोण काय म्हणालं (आठवेल तितकं शब्दशः), त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं, आणि शेवटी तुमचा अर्थ व पुढची कृती. तिसरा भाग विद्यार्थी गाळतात, आणि मग तोच पहिल्या-दुसऱ्यात मिसळून येतो. ‘मला राग आला’ हे त्याच्या जागी लिहिलं की वर्णन आपोआप स्वच्छ होतं. लिहायचं त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी आपण विचारलेले प्रश्न आठवणीत जास्त शहाणे झालेले असतात. भेटीत वही मिटलेली ठेवा, बाहेर पडल्यावर पाच-सात शब्द टिपून घ्या. नावं बदला, पत्ता लिहू नका, आणि अहवालाचा फोटो मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही टाकू नका. पर्यवेक्षकांना अहवाल आठवड्याच्या चर्चेच्या आदल्या दिवशी तरी मिळाला पाहिजे, नाहीतर चर्चेचा तास वाचण्यातच जातो.

आता फॉर्मचं. संस्थेला मनुष्यबळ कमी असतं, विद्यार्थी आयता मिळतो, म्हणून हे घडतं. त्यावर उपाय पहिल्या दोन आठवड्यांतच करायचा. एका पानाचा शिक्षणकरार लिहून त्यावर संस्थेचे आणि महाविद्यालयाचे, दोघांचेही पर्यवेक्षक सही करतील असं पाहा. त्यात किती केसेस, कोणता गट, समुदायातलं कोणतं काम आणि आठवड्याच्या चर्चेचा वार-वेळ हे स्पष्ट हवं. थोडे फॉर्म भरायला हरकत नाही, त्यातून संस्थेचं कामकाज कळतं. पण तीन आठवडे दुसरं काहीच मिळालं नाही, तर तासांची नोंदवही घेऊन क्षेत्रकार्य समन्वयकांना भेटा. ‘संस्था वाईट आहे’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक तासांपैकी इतके तास फॉर्ममध्ये गेले’ हे दाखवलंत तर काम लवकर होतं.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगायलाच हवी. सत्र संपलं की विद्यार्थी अचानक नाहीसे होतात आणि ज्यांनी विश्वास टाकला त्यांना शेवटच्या दिवशी कळतं. किमान महिनाभर आधी सांगायला सुरुवात करा, आणि केस पुढे कोण पाहणार त्या व्यक्तीशी प्रत्यक्ष भेट घालून द्या. लहान मुलांच्या गटात तर किती भेटी उरल्या हे दर वेळी सांगत जा.

प्रश्न : लघुप्रबंधासाठी ‘महिलांच्या समस्या व सक्षमीकरण’ हा विषय दिला, तो नाकारला. का?

उत्तर : कारण त्यात प्रश्नच नाही. कोणत्या महिला, कुठल्या, कोणत्या अनुभवाबद्दल? ‘रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका मुलांच्या सांभाळाची व्यवस्था कशी लावतात’ हा विषय पेलतो. मुलाखती ठरवताना हिशेब करा : एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला सहज चार ते सहा तास लागतात, म्हणजे तासाभराच्या पंधरा मुलाखतींचे साठ ते नव्वद तास. नैतिकता समितीची मंजुरी लागत असेल तर तिचा वेळ वेगळा धरा. आणि क्षेत्रकार्यातल्या तुमच्याच लाभार्थींची मुलाखत शक्यतो घेऊ नका. ज्यांना तुमच्याकडून मदत मिळते ते तुम्हाला मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकत नाहीत.

प्रश्न : नोकरी सांभाळून ही पदवी होईल का? पुढे परदेशात चालेल का?

उत्तर : तासिका संध्याकाळी किंवा ऑनलाइन मिळू शकतात, पण क्षेत्रकार्याचं तसं नाही, शाळा, न्यायालयं, रुग्णालयांतले समाजकार्य विभाग मुख्यतः दिवसाच चालतात. प्रवेशाआधीच विचारा : क्षेत्रकार्य आठवड्यातून किती दिवस, कोणत्या वेळेत, आणि स्वतःच्या नोकरीच्या जागी करता येतं का? जिथे परवानगी मिळते तिथे काम नेहमीच्या कामाहून वेगळं आणि पर्यवेक्षक तुमच्या साहेबांहून वेगळे असावेत, अशी अट साधारणपणे असते.

परदेशात केवळ पदवी पुरत नाही. इंग्लंडमध्ये नोंदणीशिवाय ‘सोशल वर्कर’ हे नाव लावताच येत नाही, अमेरिकेत परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. पदवीची तुलना करताना क्षेत्रकार्याचे तास, संस्थेचं स्वरूप आणि पर्यवेक्षकांची पात्रता विचारली जाऊ शकते. म्हणून प्रत्येक सत्राअखेर हा तपशील विभागाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. पाच वर्षांनी पर्यवेक्षक बदललेले असतात आणि नोंदवह्या सापडत नाहीत.